बँडसॉच्या ब्लेडची जाडी: कामावरून ठरवायची की चाकावरून?

सागवान

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन चाकांचा, उभा बँडसॉ (टोकं जोडून केलेल्या, चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत) आहे. चाकांचा व्यास ३५० मिमी, ब्लेडची लांबी साधारण २.४ मीटर. आतापर्यंत सोबत आलेल्या ब्लेडवर काम चाललं. आता १५० मिमी उंचीचे कठीण लाकडाचे तुकडे उभे चिरून ३-४ मिमीच्या पातळ फळ्या काढायच्या आहेत, त्यासाठी नवीन ब्लेड घेतोय.

रुंदी आणि दाते यांवर भरपूर वाचलं. रुंदी १२ मिमी आणि इंचाला ३ दाते, इथपर्यंत माझं ठरलंय. अडलोय जाडीवर. १२ मिमी रुंदीत ०.५ आणि ०.६४ अशा दोन जाड्या मिळतात. एका जाणकारांनी सांगितलं, "सरळ २० मिमी रुंद आणि ०.९ जाड घे, हलणार नाही." यंत्राच्या माहितीपुस्तकात रुंदी ३ ते २० मिमी चालेल एवढंच छापलंय, जाडीबद्दल चकार शब्द नाही.

तर जाडी नक्की कशावरून ठरवायची?

भुसाधारी

जाणकार बरोबर बोलले. १५० मिमी उंच कठीण लाकूड म्हणजे चेष्टा नाही. पातळ ब्लेड आत गेलं की पोट काढतं, फळी मधे जाड आणि कडेला पातळ येते. जाड ब्लेड घ्या, विषय संपला.

वाकडी_फळी

आमच्याकडे पोट काढलेल्या फळ्या भरपूर आहेत, कुणाला पिंप बनवायचं असेल तर सांगा.

जुनी_करवत

भुसाधारी, विषय इतक्या लवकर संपवू नका.

सागवान, एक साधा नियम आहे: ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असावी. ३५० च्या चाकाला ०.३५, ४५० ला ०.४५, ६०० ला ०.६, ९०० ला ०.९. इंचात मोजणाऱ्यांना आणखी सोपं, व्यासाच्या दर इंचाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग). म्हणजे ०.९ चं ब्लेड हे ९०० मिमीच्या चाकाचं ब्लेड आहे. ते तुमच्या यंत्रावर बसेल, फिरेल, काही दिवस कापेलही. मग तडकेल.

रुंदी आणि दाते कामावरून ठरवायचे. जाडी चाकावरून. माहितीपुस्तकं फक्त रुंदी छापतात, म्हणून हा घोळ होतो.

सागवान

पण मग ०.५ आणि ०.६४ दोन्ही नियमात बसत नाहीत! ३५० च्या चाकाला ०.३५ हवं. आणि या मापाच्या यंत्रासाठी बाजारात सर्रास ०.६४ च विकलं जातं.

यंत्रविद्या

इथे थोडं गणित करू, म्हणजे हजाराव्या भागाचा नियम कुठून येतो आणि तो किती ताणता येतो हे कळेल. घाबरू नका, एकच सूत्र आहे.

पोलादी पट्टी चाकावरून वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. बाहेरच्या पृष्ठभागावर येणारा ताण = पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक × जाडी ÷ चाकाचा व्यास. गुणांक साधारण २,०५,००० न्यूटन प्रति चौ. मिमी धरा. रुंदीचा या सूत्रात पत्ताच नाही, हे लक्षात घ्या. ३ मिमी रुंद असो की २५, वाकण्याचा ताण तेवढाच.

३५० च्या चाकावर:

०.३६ जाडी: सुमारे २१०
०.५ जाडी: सुमारे २९०
०.६४ जाडी: सुमारे ३७५
०.९ जाडी: सुमारे ५२५

(सगळे आकडे न्यूटन प्रति चौ. मिमी.)

हजाराव्या भागाचा नियम म्हणजे दुसरं काही नाही, हा ताण २०५ च्या आसपास ठेवा, एवढंच तो सांगतो. यात आपण ब्लेड ताणून बसवतो ते आणखी १०० ते १४० मिळवा. बाहेरच्या पृष्ठभागाला ही बेरीज सोसावी लागते. शिवाय दातांमधल्या खाचेच्या तळाशी ताण एकवटतो, तिथे तो याहून जास्त असतो. म्हणूनच बहुतेक तडे खाचेतून सुरू होतात.

आता ६५० सारखा आकडासुद्धा चांगलं पोलाद एकदा सहज सोसतं. पट्टी कायमची वाकत नाही, सोडली की सरळ होते. खरा शत्रू आहे थकवा. लाकडाच्या बँडसॉवर ब्लेड मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावतं. तुमचं ब्लेड २.४ मीटरचं, म्हणजे मिनिटाला ३७५ फेऱ्या. दर फेरीत दोन चाकं, म्हणजे दोनदा वाकणं आणि दोनदा सरळ होणं. मिनिटाला ७५०, तासाला ४५ हजार. सुमारे २२ तास यंत्र चाललं की पट्टीचा प्रत्येक इंच दहा लाख वेळा वाकून झालेला असतो. हातात तार धरून मागे-पुढे वाकवली की तुटते, तेच इथे होतं, फक्त खूप कमी वाक आणि खूप जास्त वेळा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ०.६४ नियमाच्या बाहेर आहे, पण घरगुती वापरात दाते बोथट व्हायला लागणारा वेळ आणि पट्टी थकायला लागणारा वेळ यांचं गणित तिथे बऱ्यापैकी जुळतं, म्हणून ते खपतं. रोज आठ तास यंत्र चालवणाऱ्याला ते परवडणार नाही. ०.९ ला मात्र दाते धारदार असतानाच ब्लेड जाईल.

अवांतर: बँडसॉची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ सालीच पेटंट घेतलं होतं, पण चाकावर सतत वाकणं सोसेल अशी पट्टी आणि तिचा टिकाऊ जोड तेव्हा बनवताच येत नव्हता. फ्रान्समध्ये ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनी जोडाची रीत शोधून १८४६ मध्ये पेटंट घेतलं, त्यानंतर हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागलं. आपण इथे भांडतोय तो प्रश्न त्या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे.

भुसाधारी

गणित मान्य. पण थकव्याचं झालं, वाकडेपणाचं काय? जाड पट्टी बाजूला कमी झुकते हे तर शाळकरी पोरही सांगेल. ब्लेड वर्षभर टिकलं आणि फळ्या केळ्यासारख्या निघाल्या, तर त्या टिकण्याचा उपयोग काय?

रंधेवाली

भुसाधारींचा प्रश्न रास्त आहे. मलाही यंत्रविद्यांकडून याचं उत्तर ऐकायचंय. माझा स्वतःचा अनुभव मात्र उलट आहे: ०.५ चं ब्लेड चांगलं ताणून बसवलं की ते ०.६४ पेक्षा सरळ कापतं. कारण मला सांगता येणार नाही.

यंत्रविद्या

कारण सांगतो. शाळकरी पोराचं उत्तर सुट्या पट्टीला लागू आहे. ताणलेल्या पट्टीचं वागणं वेगळं.

वरचं गाईड आणि टेबलाखालचं गाईड (ब्लेडला बाजूने धरून ठेवणारे आधार) यांत २०० मिमी अंतर आहे असं धरा. मधोमध बाजूने ढकललं तर पट्टी दोन गोष्टींमुळे विरोध करते. एक, स्वतःचा ताठरपणा. दुसरी, तिच्यातली खेच. १२ × ०.६४ च्या पट्टीत एका बाजूला १००० न्यूटन खेच असेल, तर ताठरपणातून मिळतात दर मिमीला जेमतेम १.३ न्यूटन. खेचेतून मिळतात २०. म्हणजे बाजूने झुकण्याला होणारा विरोध जवळजवळ सगळा खेचेचा आहे, जाडीचा नाही.

तीच खेच ठेवून जाडी बदलून पाहा. ०.५ ला एकूण सुमारे २०.६, ०.६४ ला २१.३, ०.९ ला २३.६. ०.६४ वरून ०.९ वर गेल्याने फायदा दहा टक्क्यांच्या आसपास, आणि वाकण्याचा ताण ३७५ वरून ५२५. सौदा वाईट आहे. त्यात जाड ब्लेडचा काप रुंद, म्हणजे जास्त लाकूड खायचं, म्हणजे जास्त जोर लावायचा, आणि जोर लावला की पट्टी पुन्हा भरकटते. तो दहा टक्के फायदा तिथेच संपला.

रंधेवालींनी "चांगलं ताणून" असं लिहिलंय, सगळी किल्ली त्यात आहे. ०.५ ची पट्टी कमी ओढीवर ठेवली तर ती ०.६४ पेक्षा नक्कीच जास्त डगमगेल. तिच्यात १००० न्यूटन खेच आणायची तर ताण (खेच भागिले पट्टीचा छेद) १६५ च्या पुढे जातो. साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडला तो जास्त होतो, बायमेटलला (पाठ आणि दाते वेगवेगळ्या पोलादाचे असलेल्या ब्लेडला) चालतो. बायमेटलची पाठ चिवट स्प्रिंग पोलादाची असते आणि तिला १७० ते २०० पर्यंत ताण देता येतो.

जुनी_करवत

आणि गाईड खाली आणा! लाकडाच्या वर बोटभर जागा सोडून. अंतर निम्मं केलं की खेचेतून मिळणारा आधार दुप्पट होतो. १५० मिमीच्या लाकडाला २५० वर गाईड ठेवून कापणारे लोक पाहिले आहेत, आणि दोष ब्लेडला.

सागवान

हे फारच उपयोगी आहे. मग २० मिमी रुंदीचं काय? रुंद ब्लेड सरळ कापतं हे तरी खरं ना?

जुनी_करवत

खरं आहे, पण ज्या यंत्रात ते ताणायची ताकद आहे तिथेच. रुंद पट्टी मागे ढकलली जाताना कमी वाकते, म्हणून उभ्या चिरण्याला रुंदी हवी. पण २० × ०.९ ला १३० चा ताण द्यायचा तर एका बाजूला २३०० न्यूटनच्या वर खेच लागते. दोन बाजू मिळून वरच्या चाकावर पावणेपाचशे किलोचा भार. तुमच्या यंत्राची स्प्रिंग पूर्ण दाबली जाईल, चौकट वाकेल, चाकं एका रेषेत राहणार नाहीत, आणि तरी ब्लेड ढिलंच. १२ × ०.६४ ला हाच भार दोनशे किलो आहे. तो तुमच्या यंत्राला झेपतो.

"रुंदी ३ ते २० मिमी" याचा अर्थ २० मिमीचं ब्लेड चाकावर मावतं, एवढाच घ्यायचा.

तीनचाकी

माझं यंत्र तीन चाकांचं आहे, चाकं २०० मिमीची. नेहमीची ०.६४ ची ब्लेडं काही आठवड्यांत तडकतात. विक्रेता म्हणतो, "तुम्ही फार ताणता." मी तर आता जवळजवळ ताणतच नाही. हे गणित मला लागू होतं का?

यंत्रविद्या

सगळ्यात जास्त तुम्हालाच. २०० च्या चाकावर ०.६४ म्हणजे वाकण्याचाच ताण ६५० च्या वर. वरून दर फेरीत तीन वाक. तुम्ही ताण १०० ने कमी केलात तरी बेरजेत फारसा फरक पडत नाही, आणि काप मात्र बिघडतो. ०.३६ चं ब्लेड घ्या, वाकण्याचा ताण ३७० वर येईल. ताण पुन्हा व्यवस्थित द्या.

लोखंडकाप

इथे सगळे लाकूडवाले दिसतात, म्हणून विरोधी उदाहरण देतो. आमच्या लहान आडव्या बँडसॉची चाकं १८५ मिमीच्या आसपास, आणि त्यावर १३ × ०.६४ चं बायमेटल ब्लेड. तुमच्या सूत्राने ताण ७०० च्या वर! तरी ब्लेड महिनोन्‌महिने चालतं. मग सूत्र चुकलं की आम्ही नशीबवान?

यंत्रविद्या

दोन्ही नाही. तुम्ही ब्लेड किती वेगाने चालवता?

लोखंडकाप

मऊ पोलादाला मिनिटाला ४० मीटर धरा. लांबी १.६४ मीटर.

यंत्रविद्या

मग मिनिटाला २४-२५ फेऱ्या, म्हणजे ४९ च्या आसपास वाक. सागवान यांच्या यंत्रावर ७५०. त्यांचा एक तास म्हणजे तुमचे पंधरा तास. वाकण्याची मोजदाद घड्याळाने करू नका, फेऱ्यांनी करा.

लोखंडकाप

हे पटलं. बाकी आमच्यात जाडी निवडायचा प्रश्नच येत नाही, ती रुंदीसोबत ठरलेली असते: १३ × ०.६४, २७ × ०.९, ३४ × १.१, ४१ × १.३. यंत्र जे सांगेल ते लावायचं. आमची डोकेदुखी दात्यांची. पातळ नळी कापताना भिंतीच्या जाडीत निदान तीन दाते हवेत, नाहीतर दाते उडालेच.

भुसाधारी

बरं, ०.९ चा हट्ट सोडला. पण ताण १३० आहे की ७० हे कळायचं कसं? यंत्रावरच्या खुणा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. तिथे फक्त ब्लेडची रुंदी लिहिलेली असते.

रंधेवाली

त्या खुणा स्प्रिंग किती दबली ते दाखवतात, ब्लेड किती ताणलं गेलं ते नाही. आणि त्या कुठल्या जाडीसाठी आखल्या आहेत हे कुणी लिहीत नाही. १२ मिमीच्या खुणेवर ०.५ चं ब्लेड ठेवलं तर ताण ०.६४ पेक्षा जास्त येणार, कारण खेच तीच आणि छेद लहान.

काही लोक ब्लेड वाजवून आवाजावरून ठरवतात. ज्यांचा कान तयार आहे त्यांना जमतं. बोटाने दाबून पाहणं मला तरी भरवशाचं वाटत नाही, कारण दाबणाऱ्याच्या मूडवर ताण बदलतो.

जुनी_करवत

व्हर्नियरने मोजा. यंत्राची वायर काढून ठेवायची. ब्लेड नुसतं सरळ होईल एवढंच ओढायचं. व्हर्नियर २०० मिमीवर उघडून त्याचे दोन्ही जबडे लहान क्लॅम्पने ब्लेडच्या पाठीला घट्ट पकडायचे आणि सरकता भाग मोकळा ठेवायचा. मग हळूहळू ताणत जायचं. २०० मिमीत ०.१ मिमी वाढ झाली की ताण १०० झाला समजा. कार्बन ब्लेडला ०.१ ते ०.१४, बायमेटलला ०.१७ ते ०.२. जाडी-रुंदी काहीही असो, आकडा बदलत नाही, ही या पद्धतीची मजा. एकदा करून यंत्रावर आपली स्वतःची खूण करा, प्रत्येक ब्लेडसाठी वेगळी.

भुसाधारी

हे भारी आहे काका. करून बघतो.

सागवान

एक शंका: जाडी मोजायची कुठे? वेष्टनावर फक्त रुंदी आणि दाते आहेत.

जुनी_करवत

मायक्रोमीटरने, दातांच्या मागे पाठीच्या बाजूला. दातांवर नको, ते डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, तिथे कापाची रुंदी मिळेल. जोडावर तर मुळीच नको.

रंधेवाली

सागवान, तुम्हाला पातळ फळ्या काढायच्या आहेत म्हणून कापाच्या रुंदीचंही सांगते. ०.५ च्या ब्लेडचा काप ०.९ च्या आसपास, ०.६४ चा १.१, ०.९ चा १.४ धरा. दात्यांच्या वळणावर हे थोडं बदलतं. दहा फळ्या काढल्यात तर ०.५ आणि ०.६४ मधला फरक फक्त २ मिमी. एवढ्यासाठी जीव टाकू नका, रंध्याखाली त्याहून जास्त जातं. ०.९ शी तुलना केली तर ५ मिमी, म्हणजे एक अख्खी फळी भुशात.

तीनचाकी

तडा कशामुळे गेला हे ब्लेड पाहून कळतं का? माझ्याकडे मेलेल्या ब्लेडांचा संग्रह आहे.

जुनी_करवत

बरंच कळतं. भिंग घेऊन दिव्याखाली बसा.

बऱ्याच खाचांत, ठिकठिकाणी बारीक तडे असतील तर पट्टी वाकून थकली आहे: चाकाच्या मानाने जाड, किंवा अती ताणलेली, किंवा तिचं आयुष्यच संपलेलं. तडे पाठीकडून सुरू झाले असतील तर ब्लेडवर दोष टाकू नका, मागचं बेअरिंग पाहा. ते अडकलं असेल, किंवा ब्लेड रिकामं फिरतानाही त्याला घासत असेल. घासून पाठ कडक होते, ठिसूळ होते आणि चिरते. रिकामं फिरताना पाठ आणि बेअरिंग यांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट हवी, लाकूड ढकललं की मगच टेकावं. जोडावरच तुटलं असेल तर जोड नीट झालेला नाही, आणि जोडाला लागून पण जोडाबाहेर तुटलं तर जोडानंतरचं नरम करणं नीट झालेलं नाही.

आणि कान उघडे ठेवा. कापताना ठरावीक अंतराने टिक-टिक आवाज येऊ लागला तर ताबडतोब यंत्र बंद. तडा गेलेली जागा गाईडमधून जाताना तो आवाज करते. जोड उंच राहिला असेल तरी असाच आवाज येतो, पण तो नव्या ब्लेडला पहिल्या मिनिटापासून येतो.

तीनचाकी

पाहिलं. खाचांत तडे, जवळजवळ सगळीकडे, सगळ्या ब्लेडांना. पाठ स्वच्छ आहे. म्हणजे जाडीच.

वाकडी_फळी

काम झालं की ताण सोडून ठेवायचा की नाही? म्हणजे ब्लेड थकतं का नुसतं ताणून ठेवल्याने?

यंत्रविद्या

खोलीच्या तापमानाला, चाक स्थिर असताना, ब्लेडला थकवा येत नाही. वाकणं-सरळ होणं बंद आहे ना. पण चाकावरच्या रबराला एकाच जागी दाब बसून खळगा पडतो, तेवढ्यासाठी सोडा. आणि सोडलात तर यंत्रावर चिठ्ठी लावा, ढिल्या ब्लेडवर यंत्र सुरू केलं तर ते चाकावरून उतरतं.

रंधेवाली

जाडी बदलली की गाईड पुन्हा जुळवायला विसरू नका. बाजूच्या गाईडची फट कागदाच्या जाडीएवढी ठेवायची. ०.६४ साठी लावलेल्या गाईडमध्ये ०.५ चं ब्लेड घातलं तर फट वाढते, मग लोक म्हणतात पातळ ब्लेड हलतं.

सागवान

सगळ्यांचे आभार. माझा निर्णय: १२ मिमी रुंद, ०.५ जाड, बायमेटल, इंचाला ३ दाते, ताण व्हर्नियरने मोजून. बायमेटल त्या जाडीत मिळालं नाही तर?

यंत्रविद्या

मग ०.६४ कार्बन, आणि ताण १३० च्या वर नेऊ नका. ०.५ कार्बन कमी ताणून उंच लाकडात चालवण्यापेक्षा ते बरं. फक्त ब्लेड सतत चालतं ठेवू नका, दोन फळ्यांच्या मधे लाकूड फिरवता, मापता, तेवढा वेळ यंत्र बंद ठेवा. रिकाम्या फेऱ्याही वाकण्यातच मोजल्या जातात.

भुसाधारी

सागवान, इंचाला ३ दाते घेताय ते ठीक, पण खाच भरायच्या आत भुसा बाहेर पडला पाहिजे. दाबू नका, ब्लेडला त्याच्या गतीने जाऊ द्या. हे मी जाड ब्लेडवाला म्हणून सांगतोय, यावर तरी वाद नको.

जुनी_करवत

वाद नाही. पहिली फळी कापली की तिची जाडी वर, मधे आणि खाली मोजून इथे टाका. मधला आकडा वेगळा आला तर आधी ताण पाहा, मग गाईड, मग दाते. जाडीकडे सगळ्यात शेवटी या.